रमाबाईंचं उघडं दार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. शाळेच्या गजाली सांगायला आपल्यात माझ्यापेक्षा हुशार माणसं पुष्कळ आहेत. सरांच्या छड्या, पावसात गळणारा आपला वर्ग, मधल्या सुट्टीत जेटीवर पळून जाणारी मुलं, हे सगळं इतरांच्या लेखांत येईलच. मला वेगळ्याच एका बाईंबद्दल लिहायचं होतं. त्या आपल्या शाळेत कधी आल्या नाहीत, मालवणला आल्याचंही मी कुठे वाचलेलं नाही. पण दहावीत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी त्यांच्यावर पाच मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं आणि दुसरा नंबर मिळवला होता. त्या पंडिता रमाबाई.

ते भाषण मला अजून बरंचसं येतं, आणि आता त्याची लाज वाटते. त्यात जन्म होता, मृत्यू होता, पदव्या होत्या आणि शेवटी टाळ्यांसाठी घातलेलं एक वाक्य होतं. रमाबाई मात्र नव्हत्या. निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र वाचलं, मग त्यांची पत्रं, मग त्यांनी 1907 साली लिहिलेलं आत्मकथन. वाचता वाचता मला नववीचा आपला वर्ग आठवत राहिला. का, ते पुढे येईलच. आधी रमाबाई.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं मनात घेतलं. लोकांनी विरोध केला, उडुपीला विद्वानांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले, आणि घरी येऊन शिकवणं पुढे चालू ठेवलं. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी. पहाटे, घरकामाला लागायच्या आधी. या वडिलांची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. कुणी अडवलं तर एकदा नीट उत्तर द्यायचं आणि मग आपलं काम करत राहायचं, हे त्या मुलीनं घरातच पाहिलं होतं.

पुढे जमीनजुमला गेला आणि हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरू लागलं. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांच्या घरावर जे आलं ते वाचवत नाही. वडील गेले. थोड्याच आठवड्यांत आई आजारी पडली. मुक्काम रायचूरजवळ होता. आईला काहीतरी खावंसं वाटत होतं, म्हणून सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण घराच्या दारात जाऊन उभी राहिली. भीक मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनं न बोलताच ओळखलं आणि भाकरीचा तुकडा दिला. तो खाण्याइतकीही ताकद आईत उरली नव्हती. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिरडीचं आपल्या बाजूचं टोक तिला खांद्यावर घेता येईना. ते डोक्यावर घेऊन ती स्मशानापर्यंत चालली. मोठी बहीणही त्यानंतर गेली. उरले भाऊ-बहीण दोघं.

या दोघांनी 1878 मध्ये कलकत्ता गाठलं. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. माझं भाषण इथे सुरू व्हायचं, आणि मी हात उंचावायची. खरं तर पदवीनंतर दोन वर्षांत भाऊ गेला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीनं. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल, जवळचं माणूस एकही नाही.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. आर्य महिला समाज निघाला. रमाबाई रानडे त्यांच्या बरोबरीनं तिथे जाऊ लागल्या. सरकारच्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत असं सांगितलं. डॉक्टर व्हायचं म्हणून 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कानांनी ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे डॉक्टरकी राहून गेली.

इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं तेच बोलू लागले. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 च्या सत्सार पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, निदान मला आठवत नाही.

पण मला वाचताना जास्त नवल वाटलं ते तिकडच्या त्रासाचं. ख्रिस्ती झाल्यावर ख्रिस्ती लोकांनी तरी त्यांना सुखानं राहू द्यावं की नाही? त्या शाकाहारी राहिल्या, तर तो जातीचा अहंकार ठरला. मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचं प्रेम खरं होतं, पण रमाबाईंनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांना उद्धटपणा वाटे. चेल्टनमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी मत दिलं, की नको, देशात गेल्यावर तिची किंमत कमी होईल. रमाबाईंनी या सगळ्याला पत्रांतून उत्तरं दिली. ती पत्रं छापलेली आहेत, जरूर वाचा. कुठेही अपशब्द नाही, उपकारांचा विसर नाही, आणि माघारही नाही. माझ्या विवेकाचा कारभार मी दुसऱ्या कुणाकडे देणार नाही, हा त्यांचा एकूण सूर. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, हवीत तर संस्कृत घाला, असाही त्यांचा एक वाद आहे. तो वाचून मला हसू आलं. डोंगरेशास्त्र्यांची मुलगी ती!

आपल्याकडे सहनशील म्हटलं की मान खाली घातलेली, पदरानं डोळे पुसणारी बाई डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती सहनशीलता म्हटलं की दुसरा गाल पुढे करणं, एवढंच आपल्याला माहीत. रमाबाई त्यात बसत नाहीत. म्हणून 1893 च्या वर्षात काय झालं ते जरा सावकाश सांगते.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनला त्यांच्या नावानं एक संस्था निघाली आणि दहा वर्षं मदत द्यायचं तिनं कबूल केलं. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. अट अशी होती, की इथे धर्मशिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत, जातीप्रमाणे जेवणखाण करावं, त्यांना कुणी आडकाठी करायची नाही. देखरेखीला रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मंडळींचं सल्लागार मंडळ.

पहिल्या विद्यार्थिनींत एक होती गोदूबाई, देवरुखची. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आपल्याच जिल्ह्यातली. आपण शाळेत होतो तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा कुठे होता, तो झाला 1 मे 1981 ला. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली, तेविशीच्या आसपास भावानं मुंबईला आणून सदनात घातली. हा भाऊ धोंडो केशव कर्व्यांबरोबर एकाच बिऱ्हाडात राहायचा. पुढे 11 मार्च 1893 ला गोदूबाईंचं कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई झाल्या, आपण ज्यांना बाया कर्वे म्हणतो त्या. रमाबाईंनी पहिल्यांदा दार उघडलं ते एका कोकणी मुलीसाठी, हे कळल्यावर मला रमाबाई जवळच्या वाटू लागल्या.

सदन 1890 च्या अखेरीस पुण्याला गेलं. कुरबुर त्याआधीच सुरू झाली होती. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आलं, की सदनातल्या काही विधवांचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा आहे. ते इकडे येऊन पोचलं आणि केसरीनं ते उचललं. खरा स्फोट 1893 मध्ये झाला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, आणि उठूनही लावलं नाही. एवढीच गोष्ट. त्यावरून पालकांना पत्रं गेली, वर्तमानपत्रांत रकाने भरले, बाटवाबाटवीचा कारखाना म्हणून सदनाकडे बोटं दाखवली गेली. ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागार मंडळानं राजीनामा दिला आणि तो प्रसिद्धही झाला. वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

त्या मुली परत कुठे गेल्या असतील याचा विचार करा. माजघराच्या कोपऱ्यात, न्हाव्यासमोर. रमाबाईंना ते पुरतं कळत होतं. 1889 च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेस भरली, तेव्हाच्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या स्वतः उभ्या राहून बोलल्या होत्या. आणि राजीनामा देणाऱ्यांत कोण होतं? ज्यांनी पुण्यात त्यांचं स्वागत केलं, ज्यांच्या पत्नीबरोबर त्या बसल्या-उठल्या, ते रानडे.

एक मार्ग सोपा होता. दार लावून घ्यायचं. खोलीच्या आत काय करता ते कुणाला दिसणार नाही, मुली येणार नाहीत, वाद मिटेल. हितचिंतकांनी हेच सुचवलं. रमाबाईंचं म्हणणं असं, की हे माझं घर आहे, प्रार्थना लपवण्यासारखी गोष्ट नाही. हिंदू गृहिणी देवापुढे बसली आणि घरातली मुलं जवळ येऊन बसली तर ती काय त्यांना हाकलते? मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक आहे, तशी मलाही आहे. हे त्यांनी बॉस्टनला कळवलं, इथे सांगितलं, आणि मग त्या गप्प झाल्या. वर्तमानपत्रांना रोजच्या रोज उत्तरं देत बसल्या नाहीत. कुणाच्या घरातली उणीदुणी काढली नाहीत. काढायला काही कमी नव्हती, त्या घराघरांत वावरल्या होत्या. बॉस्टनच्या संस्थेच्या जबाबदार बाई, मिसेस अँड्र्यूज, स्वतः पुण्याला आल्या, त्यांनी सगळं पाहिलं, आणि संस्था रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. सदन उरलेल्या मुलींसह चालू राहिलं. दार उघडंच राहिलं.

इथे मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझं पुन्हा भाषण व्हायचं. रानडे-भांडारकर काही दुष्ट नव्हते. त्यांनी शहरभर आपलं नाव तारण ठेवून पालकांना सांगितलं होतं, की धर्माची भीती नाही, मुली पाठवा. काही मुलींचं मन पालटतंय असं दिसल्यावर ते अडचणीत आले. आणि पुढच्या वर्षांत सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरं. तेव्हा पालकांची भीती अगदीच पोकळ नव्हती. अन्याय होता तो असा, की जबरदस्ती आणि फसवणूक यांचा आरोप केला गेला आणि त्याची शहानिशा करायला कुणी थांबलं नाही. कर्व्यांनी या प्रकरणावरून आपला धडा घेतला. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला तो हिंदू समाजाच्या विश्वासावरच चालवला, आणि बाया कर्वे त्यासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. एका घराचं नुकसान झालं पण त्यातून दुसरं घर उभं राहिलं, असं म्हणता येईल. मला मात्र त्या परत नेलेल्या पंचवीसजणी विसरता येत नाहीत.

आता आपल्या वर्गाचं.

1977-78, नववी. पन्हाळा-जोतिबाची सहल. प्रत्येकी पैसे जमा करून बाईंच्या टेबलावर एका कंपासपेटीत ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर ती पेटी दिसेना. त्याच आठवड्यात आपल्या वर्गातली एक मुलगी नवी छत्री घेऊन आली होती. ती ख्रिस्ती होती, घरची परिस्थिती बेताची. तिचं नाव मी लिहीत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांना आठवलंच असेल. त्या वेळी ज्या बाई वर्गावर होत्या त्यांचंही नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यापेक्षा दोष माझा जास्त आहे. मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ उभी होती असं सांगणारी मी होते. ती उभी होती हे खरंच होतं. फळा पुसायची पाळी तिची होती. ते मात्र मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तिनं एकदाच सांगितलं, की मी घेतलेले नाहीत. मग तिला व्हरांड्यात उभं केलं. तीन तास. ती रडली नाही. आपण सगळे येता-जाता बघत होतो. दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, तीच छत्री घेऊन आली, आणि माझ्या शेजारच्या आपल्या बाकावर बसली. त्याच आठवड्यात चाचणीला माझ्या पेनातली शाई संपली. तुम्हाला आठवत असेल, आपण पेनातून पेनात शाईचे थेंब सोडायचो. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. तिनंच माझं पेन ओढून घेतलं, झाकण काढलं आणि थेंब मोजून सोडले. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तीन आठवड्यांनी कंपासपेटी कपाटात जुन्या हजेरीपटांच्या मागे सापडली. पैसे सगळे होते. वर्गात ते जाहीर झालं. तिची माफी कुणी मागितली नाही. सहल गेली, लाल एस्टीत ती पुढच्या बाकावर बसली होती आणि फोंडा घाटात तिनं शेंगदाणे सगळ्यांना वाटले. मलाही दिले. मी घेतले.

आणि पुढच्याच वर्षी मी रमाबाईंवर भाषण केलं!

रमाबाईंचं चरित्र वाचलं तेव्हा मी तिचा नंबर मिळवला. तीही आता निवृत्त आहे, वसईच्या बाजूला असते. पंचेचाळीस वर्षांनी मी तिला फोनवर ती गोष्ट सांगितली, फळ्याचीसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, की तिला ते माहीत होतं. मी टेबलाकडे बघत होते हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. मी विचारलं, की मग तू मला शाई का दिलीस. त्यावर ती हसली. तिनं सांगितलं, की ती काही संत नव्हती. व्हरांड्यात उभं असताना रागानं तिनं वेणीचं टोक चावून चावून फाडलं होतं, आणि माझं काहीतरी वाईट व्हावं असं तिला फार वाटत होतं. संध्याकाळी घरी रोझरीच्या वेळी आईनं तिला माझ्यासाठी एक प्रार्थना म्हणायला लावली. तिनं दात खाऊन म्हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाचणीपर्यंत राग थोडा उतरला होता, एवढंच. आणि छत्री मुद्दाम आणली, कारण ती तिच्या मामानं मुंबईहून पाठवली होती, चोरीची नव्हती. मग लपवायची कशाला?

हे ऐकल्यावर मला रमाबाईंचं उघडं दार जरा कळलं असं वाटतं.

त्यांच्या पुढच्या आयुष्याचं थोडक्यात सांगते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी स्वतः उपाशी भटकलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनेकशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला त्यांनी शेतजमीन घेतली होती. तिथे आधी तंबू, मग झोपड्या, मग इमारती झाल्या. तेच मुक्ती सदन.

त्याच वर्षीची एक गोष्ट. त्यांची एक मुलगी प्लेगच्या सरकारी इस्पितळात नेली गेली आणि परत आलीच नाही. इस्पितळात आणि छावण्यांत बायकांना संरक्षण नाही, असं रमाबाईंनी नावानिशी वर्तमानपत्रात लिहिलं. गोऱ्या सरकारच्या विरुद्ध, त्यांना मदत देणारे बहुतेक गोरेच असताना. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते म्हणणं चुकीचं ठरवलं. रमाबाईंनी ते मागे घेतलं नाही. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाचे वाभाडे निघत असताना दोन वाक्यांत उत्तर देऊन गप्प बसलेली बाई हीच. स्वतःवरचा घाव त्यांनी सोसला. मुलीवर आला तेव्हा त्या थांबल्या नाहीत. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. निदान मी केलं.

1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. शेती, विहिरी, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना, अंध मुलींचा वर्ग, वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. आता हे उघडउघड ख्रिस्ती घर होतं, बॉस्टनची दहा वर्षांची मुदत संपली होती. 1907 च्या आत्मकथनात 1893 च्या वादाला त्यांनी फारशी जागा दिलेली नाही.

शेवटची सुमारे पंधरा वर्षं त्यांनी बायबल मराठीत आणण्यात घालवली. आधीची भाषांतरं संस्कृतनं जड झालेली, खेड्यातल्या बायकांना न कळणारी. संस्कृतवर पदवी मिळवलेल्या बाईंनी ते संस्कृत काढून टाकायचं ठरवलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या मुलींनी केलं, त्यातल्या कितीतरी दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या.

1919 मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. मनोरमा त्यांचा उजवा हात झाली होती, ती जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाईंनी तेव्हाही भाषांतराचं काम थांबवलं नाही. ते हातावेगळं झालं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी पहाटे झोपेतच त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्यामागे. मराठी मुलखात त्यांच्याबद्दल बरीच वर्षं फार कुणी बोललं नाही. टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं ते 1989 साली. ते मी जपून ठेवलं आहे.

संमेलनाला ती यायची आहे. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढलं आहे, कुडाळला उतरून पुढे मालवणला. मी तिला स्टेशनवर घ्यायला जाणार आहे. व्हरांड्यात तिला पाहिलेले आपण सगळे तिथे असू. तिनं मला बजावलं आहे, की स्टेजवर उगाच काही बोलू नकोस. त्यामुळे मी बोलणार नाही. म्हणून इथे लिहिलं.